दोन दिवसांचे शांघाय

आमच्या घरात प्रवासाची यादी करण्याचा मान वडिलांचा होता. ते पोस्टात नोकरीला होते. एका रात्रीसाठी पंढरपूरला जायचे असले तरी ते जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे पान घेऊन त्यावर चार रकाने आखीत. बॅटरी, कुलूप, सुईदोरा, आमसुले, सुतळी. सुतळी प्रत्येक यादीत असेच. तिचा उपयोग झाल्याचे मला आठवत नाही. परंतु ती नसती तर प्रवास सुखरूप झाला नसता, असा त्यांचा ठाम विश्वास होता.

वडील गेल्यावर तो मान माझ्याकडे आला. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या दिवाळीनंतर, आईला घेऊन शांघायला दोन दिवस जायचे ठरले, तेव्हा मीही एक पाठकोरे पान काढले आणि रात्री अकरापर्यंत लिहीत बसलो. पाहण्याच्या स्थळांची संख्या तेवीस झाली.

“दोन दिवसांत तेवीस?” आमच्या सौभाग्यवतींनी चष्म्यावरून पाहिले. त्या शाळेत शिक्षिका आहेत आणि तांबडी पेन्सिल त्यांच्या हाताशी नेहमीच असते.

“शनिवारी बारा, रविवारी अकरा,” मी म्हणालो.

“आणि भावोजींना कधी भेटणार?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्या यादीत नव्हते.

शांघाय निवडले ते हौसेने नव्हे. माझा धाकटा भाऊ श्रीधर, घरातला शिरू, तेथे एका यंत्रांच्या कारखान्यात अभियंता आहे. २०२० साली महामारी आली आणि चीनचे दरवाजे बंद झाले. ते नीट उघडले २०२३ च्या जानेवारीत. मधल्या काळात, २०२१ साली, आमचे वडील गेले. शिरूने अंत्यविधी पाहिला तो मी हातात धरलेल्या फोनमधून. तो येऊ शकत नव्हता हे मला पुरते समजत होते. पण समजणे वेगळे आणि मनातली अढी जाणे वेगळे. पुढे तो दोनदा येऊन गेला. आम्ही पावसावर बोललो, रस्त्यांवर बोललो, आणि वडिलांवर बोललो नाही.

गेल्या वर्षी दिवाळीला त्याला रजा मिळाली नाही. त्याच सुमारास वर्तमानपत्रात बातमी आली, की पाच वर्षे बंद असलेली भारत-चीन थेट विमाने पुन्हा सुरू होत आहेत. आईने बातमी वाचली, घडी घातली आणि म्हणाली, “तो येत नसेल तर आपण जाऊ.” आईचे वय शहात्तर. शिरूला सुट्टी फक्त शनिवार-रविवारची. लोणावळ्याला जावे तसे दोन दिवसांसाठी शांघायला जायचे, असा हा बेत ठरला. थेट विमानाचे वार मात्र आमच्या वारांशी जुळेनात. म्हणून मुंबईहून निघून वाटेत विमान बदलायचे ठरले. शुक्रवारी दुपारी पोचायचे, सोमवारी सकाळी निघायचे.

आता एवढ्या थोड्या वेळात एवढे अवाढव्य शहर पाहायचे म्हणजे काय करायचे? २०२० च्या जनगणनेत शांघायची लोकसंख्या होती जवळजवळ २ कोटी ४९ लाख. भुयारी रेल्वेचे जाळेच आठशे किलोमीटरांच्या वर. पण नकाशा उघडून बसलो तेव्हा ध्यानात आले, की शहर समजायला सोपे आहे. हुआंगपू नावाची नदी त्याचे दोन भाग करते. ‘पुशी’ म्हणजे नदीच्या पश्चिमेचे आणि ‘पुडोंग’ म्हणजे पूर्वेचे. पुण्यात आम्ही नदीच्या अलीकडे आणि पलीकडे म्हणतो, तसेच हे. अलीकडे जुने शहर, परदेशी पेढ्यांच्या दगडी इमारती, बागा, देवळे. पलीकडे १९९० पर्यंत बरीचशी शेते आणि वखारी होत्या. आज तेथे गगनचुंबी मनोरे आहेत, आणि त्यांतला सर्वांत उंच शांघाय टॉवर ६३२ मीटरांचा आहे.

माझ्या यादीत चार मनोरे होते. सौभाग्यवतींची पेन्सिल प्रथम त्यांवरच फिरली. “चारही मनोरे अलीकडच्या काठावरून फुकट दिसतात,” त्यांनी निकाल दिला. मग त्यांनी पानाच्या डोक्यावर एक नियम लिहिला : एका दिवसात दोनच ठिकाणे, आणि प्रत्येक ठिकाणी आईंना बसायला जागा हवी. वयस्क माणसाला घेऊन प्रवास करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा नियम भिंतीवर लावावा, असे आता माझे मत झाले आहे.

आईची मागणी एकच होती. तिचे माहेर सोलापूर. “कोटनीसांचं ठिकाण वाटेत लागेल का रे?” डॉक्टर द्वारकानाथ कोटनीस सोलापूरचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर काढलेला चित्रपट आईने लहानपणी पाहिला होता. पण कोटनीसांचे स्मारक आहे उत्तरेकडे, शिच्याच्वांग येथे. शांघायपासून ते हजार किलोमीटरांच्या आसपास. चीन म्हणजे एक गाव नव्हे, हे आईला सांगताना मलाही नव्यानेच समजत होते. ती म्हणाली, “असू दे. त्याच मातीवर पाय लागतील.”

पूर्वतयारीचे चार शब्द येथे सांगून टाकतो, कारण अनेकांना उपयोगी पडतील. भारतीय पासपोर्टावर तेथे राहायचे तर विसा आधी काढून ठेवावा लागतो. ऋतूचे म्हणाल तर वसंत आणि शरद हे दोन उत्तम. जूनमध्ये तेथेही पावसाची रिपरिप लागते आणि पुढे उकाडा असतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळावा, कारण राष्ट्रीय सुट्टीमुळे सारा चीन तेव्हा रस्त्यावर असतो. आपली दिवाळीची सुट्टी त्यानंतर येते ही मोठीच सोय.

पैशांचा व्यवहार जवळजवळ सगळा फोनवर चालतो. भाजीवालीसुद्धा चौकोनी ठिपक्यांचा कागद पुढे करते. त्यामुळे अलिपे किंवा वीचॅट घरूनच फोनवर घालून आपले कार्ड त्याला जोडून ठेवावे. आपले नेहमीचे व्हॉट्सॲप आणि गूगल तेथल्या जाळ्यावर चालत नाहीत. परदेशात चालणारे आपल्याकडचे सिम घेतले तर मात्र बहुधा चालतात. ही सारी मांडणी आमच्या कन्येने वीस मिनिटांत केली आणि मला ती समजून घ्यायला दोन संध्याकाळी लागल्या.

राहिला जेवणाचा प्रश्न. आई शाकाहारी. चीनमध्ये भाजी भरपूर मिळते. पण त्या भाजीत डुकराच्या मांसाचा चुरा किंवा कोंबडीचे पाणी असेल ही गोष्ट वाढणाऱ्याला सांगण्यासारखी वाटत नाही. नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘वो छ् सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे चिनी लिपीत कागदावर लिहून घ्यावे आणि दाखवावे. बौद्ध परंपरेमुळे शाकाहार ही गोष्ट तेथे परकी नाही. नानजिंग रस्त्यावर ‘गोंगदेलिन’ नावाची शाकाहारी खानावळ १९२२ पासून चालू आहे. आईने तरीही एका पिशवीत मेतकूट, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी भरली.

आणि याच भराभरीत ती गोष्ट सापडली. पासपोर्टांची पाकिटे असलेल्या वडिलांच्या ट्रंकेत एक पाठकोरे पान निघाले. वर तारीख जानेवारी २०२०. मथळा : ‘शांघाय – चैत्र’. आईला घेऊन गुढीपाडव्यानंतर शिरूकडे जायचा त्यांचा बेत होता, हे मी पार विसरलो होतो. खाली चार रकाने. मेतकूट. कानटोपी. शिरूसाठी तांब्याची पळी. आणि सर्वांत शेवटी : ‘शिरूस विचारणे – तेथे सुतळी मिळते का?’

मी ते पान कोणाला न दाखवता माझ्या पासपोर्टात ठेवले. सौभाग्यवतींनी ते पाहिले असावे. कारण दुसऱ्या दिवशी माझ्या यादीतले रविवार दुपारचे सगळे रकाने खोडलेले होते आणि तेथे तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द होता : ‘शिरू.’

शुक्रवारी शिरू विमानतळावर घ्यायला आला. तेथून शहरात येणारी चुंबकावर तरंगणारी गाडी तीस किलोमीटर अंतर आठ मिनिटांत तोडते. पूर्वी ती ताशी ४३१ किलोमीटर धावे, आता ३०० पर्यंत. आई डोळे मिटून बसली होती. “संपलं?” तिने विचारले. घरून निघून वीस तास झाले होते, आणि शेवटचा टप्पा तिला लक्षातही आला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही युयुआन बागेत गेलो. मिंग राजवटीतल्या पान युनदुआन नावाच्या अधिकाऱ्याने ही बाग आपल्या वृद्ध वडिलांना निवांतपणे राहता यावे म्हणून बांधायला घेतली. नावातच सुखासमाधानाचा अर्थ आहे. सुरुवात १५५९ साली, आणि मुख्य काम पुरे झाले १५७७ साली. बागेबाहेरच्या तळ्यावर नऊ वळणांचा पूल आहे. भुते सरळ रेषेतच चालतात, त्यांना वळता येत नाही, अशी समजूत. आत भिंतींच्या माथ्यावर खवल्यांचे अजगरी ड्रॅगन पसरलेले, तळ्यात लाल मासे, आणि ताय सरोवरातून आणलेले भोकाभोकांचे दगड. आपल्याकडे गुळगुळीत शाळिग्रामाचे कौतुक, तेथे पाण्याने पोखरलेल्या खडकाचे. आईला बसायला सज्जे जागोजागी होते. सौभाग्यवतींचा नियम पाळायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

शिरू बागेची पाटी वाचून आम्हाला सांगत होता. १५५९, १५७७ हे आकडे सांगून तो थांबला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “दादा, याला अठरा वर्षं मिळाली. मला दोन दिवस मिळाले नाहीत.”

मला काही सुचले नाही. आई म्हणाली, “चहा कुठे मिळतो रे इथे?” आणि आम्ही तळ्यातल्या चहाघरात गेलो.

दुपारचे ठिकाण शिरूने सुचवले, आणि ते फक्त शनिवार-रविवारीच पाहायला मिळते. पीपल्स पार्कमध्ये गेली वीस वर्षे शनिवार-रविवारी विवाहेच्छूंचा बाजार भरतो. विवाहेच्छू मात्र तेथे क्वचितच असतात. येतात ते त्यांचे आईबाप. उघडी छत्री जमिनीवर ठेवायची आणि तिला मुलाचा किंवा मुलीचा कागद टाचायचा. जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, पगार, स्वतःचे घर आहे की नाही. छत्र्यांच्या रांगाच रांगा. आपल्या वधूवरसूचक मंडळाची वही कोणी बागेत उलगडून ठेवावी तसे! फोटो मात्र काढू नयेत. ती माणसे लेकरांच्या काळजीने आलेली असतात.

आई प्रथमच पूर्ण जागी झाली. एका छत्रीमागच्या आजीने शिरूकडे पाहून काहीतरी विचारले. शिरू लाल झाला. “जन्मसाल विचारतायत.” तो १९८६ चा, आणि अजून अविवाहित. त्याने सांगितले. आजीने बोटे मोजली. “म्हणतायत, वाघ.” चिनी पद्धतीने ते वाघाचे वर्ष.

“वाघ?” आई म्हणाली. “त्यांना सांग, नुसता दिसायला. आणि घर स्वतःचं नाही म्हणावं, भाड्याचं आहे. खोटं नको.” तोपर्यंत त्या दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. दुभाष्याचे काम पुढे लागलेच नाही. परतताना आई म्हणाली, “काळजी सगळीकडे एकाच भाषेत करतात.” मी मराठीचा प्राध्यापक, मला यात एकही दुरुस्ती सुचली नाही.

संध्याकाळी नदीकाठचा ‘बंड’ पाहिला. हा शब्द चिनी नव्हे. इंग्रजांनी तो हिंदुस्थानातून नेला. मूळ फारसी ‘बंद’, म्हणजे आपल्या बंधाऱ्याचाच चुलतभाऊ. शब्दाबरोबर आणखी पुष्कळ काही येथून गेले. काठावर हिरव्या निमुळत्या छपराचे पीस हॉटेल आहे. ते १९२९ साली बांधले व्हिक्टर ससून यांनी. पुणेकरांनी कान टवकारावेत : ज्यांच्या नावाचे ससून रुग्णालय आपल्याकडे १८६७ पासून आहे, आणि ज्यांची कबर कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात आहे, त्या डेव्हिड ससून यांचे हे पणतू. डेव्हिड ससून यांनी १८४४ साली एका मुलाला मुंबईहून चीनमध्ये पाठवले. व्यापारात कापूस होता तशीच माळव्याची अफूही होती. १८४२ च्या तहाने शांघाय बंदर परदेशी व्यापाऱ्यांना उघडावे लागले, ते अफूच्या युद्धात हरल्यामुळेच. माझा जन्म ससून रुग्णालयातला. ज्या पैशातून तो दगड उभा राहिला त्याचा एक धागा येथपर्यंत येतो, हे त्या काठावर उभे राहून प्रथम जाणवले आणि क्षणभर फार बरे वाटले नाही.

समोर पुडोंगचे मनोरे उजळले. दिवाळी होऊन गेली होती आणि आईच्या डोळ्यांपुढे पुन्हा दिवाळी उभी होती. रात्री दहाच्या सुमारास एकेक दिवा मालवू लागला, तेव्हा ती म्हणाली, “बिल वाचवतात. शहाणे आहेत.”

रविवारी सकाळी जुन्या फ्रेंच वसाहतीत गेलो. दोन्ही बाजूंनी चिनाराच्या जातीची झाडे, वर फांद्यांची कमान. नानचांग आणि माओमिंग या रस्त्यांच्या कोपऱ्यावर रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे. रवींद्रनाथ १९२४ साली प्रथम शांघायला आले होते. पुतळ्याचे अनावरण २०१० साली आपल्या तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. आईने पुतळ्याला नमस्कार केला आणि कोटनीसांनाही त्यातच पोचवून टाकला.

मग दुपार आली. रिकामी, तांबड्या पेन्सिलीची. शिरूच्या घरी भाजणीचे थालीपीठ झाले. आई झोपली. आम्ही दोघे नदीवर गेलो आणि दोन युआनचे तिकीट काढून लोकांच्या साध्या नावेत बसलो. शहर पाहायला येणाऱ्यांसाठी झगमगीत नावा असतात, त्यांना पन्नासपट पैसे पडतात. ही नाव कामावरच्या माणसांची. पलीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. दुसऱ्या खेपेला मी वडिलांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोलायला लागलो. त्यांनी काय खाल्ले, काय विचारले, रात्री मला कोणत्या नावाने हाक मारली. ती हाक माझी नव्हती, शिरूची होती. हे मी चार वर्षे कोणाला सांगितले नव्हते. माझी अढी खरी तेथे होती. त्याच्या न येण्यात ती कधी नव्हतीच. शिरू कठड्याला धरून ऐकत होता. मी पासपोर्टातले पान काढून त्याला दिले. त्याने ते वाचले, शेवटपर्यंत वाचले, आणि नाव धक्क्याला लागली तरी आम्ही उतरलो नाही. तिकीटवाल्या बाईने पाहिले आणि काही म्हणाली नाही.

सोमवारी विमानात आईने विचारले, “तुझ्या तेवीसांपैकी किती झाली?”

मी मोजली. “चार.”

“पुष्कळ झाली,” ती म्हणाली आणि पट्टा बांधून झोपली.

वस्तुसंग्रहालय राहिले, जेड बुद्धाचे देऊळ राहिले, मनोरे खालूनच पाहिले. शांघाय पाहिले असे मी म्हणणार नाही. पण दोन दिवसांसाठी परक्या शहरात जाणाऱ्यांनी यादी अवश्य करावी, आणि ती एखाद्या शहाण्या माणसाच्या हाती तांबडी पेन्सिल देऊन तपासून घ्यावी, एवढे खात्रीने म्हणेन.

पंधरा दिवसांनी शिरूचा निरोप आला. सोबत एक छायाचित्र होते : स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक रीळ, शेजारी ते पाठकोरे पान. खाली तीनच शब्द होते.

‘दादा, सुतळी मिळते.’